गट क्रमांकाची तारीख होऊ नये म्हणून

तापीकाठच्या एका गावी नुकसानीची यादी वाचून दाखवीत असता एका वृद्ध शेतकऱ्याने मला थांबविले. "साहेब, मना गट बारा बटे एक शे. आठे बारा जानेवारी कसा व्हयना?" यादीत त्यांचे नाव व क्षेत्र बरोबर होते, गट क्रमांकाच्या रकान्यात मात्र '१२-जॅन' असे छापलेले होते. अशा नोंदीचा ७/१२ शी मेळ बसत नाही आणि मदतीची रक्कम अडकून पडते.

यात कोणी खोडसाळपणा केलेला नव्हता. संकेतस्थळावरील तक्ता संगणकावर उतरवून फाईल डबल क्लिकने उघडली, एवढेच घडले होते. तिरप्या रेघेने जोडलेले लहान आकडे दिसले की एक्सेल त्यांना तारीख समजते. पहिला आकडा ३१ पर्यंत व दुसरा १२ पर्यंत असला म्हणजे साधारणतः असे होते. १४५/२ हा गट जसाच्या तसा राहतो, म्हणून चूक चटकन ध्यानात येत नाही. शिवाय अमेरिकी पद्धतीची मांडणी असलेल्या संगणकावर तोच १२/१ एक डिसेंबर होतो!

कित्येक कार्यकर्ते मग तो रकाना निवडून 'टेक्स्ट' करतात. त्याने मूळ आकडा परत येत नाही. २०२५ सालची १२ जानेवारी असेल तर तेथे ४५६६९ दिसू लागते, कारण एक्सेल तारीख म्हणजे १९०० सालापासूनचे दिवस मोजते. बँक खात्याच्या आरंभीची शून्येही अशीच गळतात, आणि सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच अंक सांभाळते. बारा अंकी आधार क्रमांक आखडून दिसतो; त्याच स्थितीत सीएसव्ही फाईल जतन केली तर उरलेले अंक कायमचे जातात.

ही अडचण केवळ आपलीच नाही. 'मार्च' व 'सेप्ट' अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या जनुकांच्या नावांच्या तारखा होत असल्यामुळे शास्त्रज्ञांनी २०२० पर्यंत ती नावेच बदलून टाकली. आपणांस गट क्रमांक बदलता येणार नाहीत.

याकरिता फाईल थेट उघडू नये. प्रथम कोरे एक्सेल उघडावे आणि 'डेटा' या भागातील 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' मधून फाईल निवडावी. समोर नमुना दिसेल. तेथे 'फाईल ओरिजिन' मध्ये ६५००१ यूटीएफ-८ ठेवावे, म्हणजे मराठी नावांची अक्षरे बिघडत नाहीत. 'डेटा टाइप डिटेक्शन' मध्ये 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' निवडून मगच 'लोड' करावे. आता सर्व रकाने अक्षररूप राहतील. क्षेत्र व रक्कम यांची बेरीज हवी असल्यास तेवढेच दोन रकाने नंतर संख्यारूप करावेत. तक्ता संकेतस्थळावरून नक्कल करून चिकटवावयाचा असल्यास आधी संपूर्ण कोरे पान 'टेक्स्ट' करावे आणि चिकटविताना 'मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग' निवडावे. रकान्यांची रुंदी, आडवे पान, प्रत्येक पानावर शीर्षक ही कामे मागाहून सावकाश केली तरी चालतात.

मूळ उतरविलेली फाईल मात्र हात न लावता वेगळी ठेवावी. त्या गावची यादी आम्ही अशाच मूळ फाईलवरून पुन्हा तयार केली, तेव्हा १२/१ खेरीज आणखी चार गट तारखा झालेले सापडले. त्या चार खातेदारांपैकी कोणीही तक्रार केलेली नव्हती.