वर्षातून एकदा उघडणारी दारे

एडवर्ड मॅकडॉवेल हा अमेरिकेचा नामांकित संगीतरचनाकार कोलंबिया विद्यापीठातील अध्यापनाच्या दगदगीतून सुटला, की न्यू हॅम्पशायर राज्यातील पीटरबरोजवळच्या आपल्या शेतवाडीवर येई आणि तेथील रानात, लाकडाच्या ओंडक्यांनी बांधलेल्या खोपटात बसून स्वररचना करी. दुपारचे जेवण त्याची पत्नी मॅरियन दाराशी मुकाट्याने ठेवून जाई. हे भाग्य इतर कलावंतांच्याही वाट्यास यावे, या हेतूने उभयतांनी 1907 साली तेथे एक संस्था काढली. पुढच्याच वर्षी एडवर्ड निवर्तला; तेव्हा मॅरियनबाईंनी, ज्या स्वतः निष्णात पियानोवादक होत्या, गावोगाव जलसे करून द्रव्य जमविले आणि संस्था जगविली.

तेथील दस्तूर आजही बहुतांशी तोच आहे. निवड झालेल्या चित्रकारास, लेखकास वा संगीतकारास रानात स्वतंत्र कार्यशाळा मिळते, निवास-भोजनाचा आकार पडत नाही, दुपारी जेवणाची टोपली उंबऱ्याशी येते आणि आमंत्रणावाचून दुसऱ्याच्या दारी जाण्यास सक्त मज्जाव असतो. मुक्काम हलविताना प्रत्येक जण कार्यशाळेतील लाकडी फळीवर आपले नाव नोंदवितो. या फळ्यांना तेथील मंडळी, काहीशा काळ्या विनोदाने, ‘थडगी’ म्हणतात. विला कॅथर, थॉर्नटन वाइल्डर, जेम्स बाल्डविन हे सारे या रानात राहून लिहिते झाले.

एवढा कडेकोट एकांत मात्र उन्हाळ्यातील एका दिवशी मोडला जाई. 1960 साली वाइल्डरला पहिले मॅकडॉवेल पदक अर्पण झाले. तेव्हापासून पदकदानाच्या दिवशी सामान्यजनांस रानात येण्याची, कार्यशाळांतून हिंडण्याची आणि अर्धवट चित्रांपुढे उभे राहून कर्त्यालाच प्रश्न विचारण्याची मुभा मिळू लागली. प्रदर्शनाच्या दालनात आपण केवळ निकाल पाहतो. खोडलेली रेघ आणि फसलेला रंग तेथे कोणी टांगीत नाही. प्रेक्षकांचे प्रश्न कधी बाळबोध असतीलही, पण त्यांचे उत्तर देताना कलावंताला स्वतःच्याच कामाची उलटतपासणी करावी लागते, आणि हा लाभ, माझ्या मते, एका दिवसाच्या एकांताहून मोठा आहे.

आपल्याकडे मुंबईच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत गायतोंडे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार रंगकर्मी व वादकांच्या शेजारी एकाच छपराखाली काम करीत. तेथे एकांत कमी, शेजार अधिक. दोन्ही तऱ्हा आपल्या जागी योग्यच. आपल्या नगरपालिकांनी ओस पडलेली एखादी इमारत वर्षातून दोन महिने पाहुण्या कलावंतांच्या हवाली करावी, आणि अखेरच्या दिवशी तिची दारे गावासाठी उघडावीत, एवढीच विनंती.