धूर नसलेली आग

चुलीत लाकूड जळले की धूर होतो, राख उरते. हायड्रोजन नावाचा वायू जळला की धूर नाही, राख नाही. नुसती पाण्याची वाफ होते. मग हे सरपण चांगलेच की! पण त्यात दोन खोडी आहेत.

पहिली खोड अशी, की तो बारीक ठिणगीनेही पेटतो. हवेच्या 100 भागांत तो 4 भाग असला तरी धोका आहे.

दुसरी खोड म्हणजे त्याची कडक आच. त्या आचेने हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एक होतात. त्यांचा वायू छातीला वाईट.

यावर उपाय आहे. इंजिनात हायड्रोजनबरोबर थोडे पाणी किंवा वाफ सोडतात. तापलेल्या तव्यावर आपण पाण्याचा हबका मारतो ना, तसेच हे. आच उतरते, वाईट वायू कमी होतो. मात्र वाफ फार झाली तर आग नीट पेटत नाही. प्रमाण राखावे लागते.

आता घरची गोष्ट. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हाच वायू निघतो. तिथे विडी पेटवू नका, काडी ओढू नका. खिडकी उघडी ठेवा. बॅटरी फुटली तर तेजाब डोळ्यांत उडते. म्हणून आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगतो.