समुद्रातले तेल, किनाऱ्याची मासळी आणि नगरचा बाजार

आपल्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. तेव्हा समुद्रातल्या तेलाशी आणि किनाऱ्याच्या रक्षणाशी आपल्या धंद्याचा काय संबंध, असे व्यापारी बांधवांना वाटेल. पण आठवडे बाजारातले सुकट-बोंबील किनाऱ्यावरूनच येतात. बेकरीवाल्याचा गॅस आणि उसाचा युरिया यांचा धागाही त्याच समुद्राशी जुळलेला आहे. म्हणून हा प्रश्न दोन्ही बाजूंनी समजून घेऊ.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. 'सागर सम्राट' या जहाजावरून ओएनजीसीने १९७४ साली तेथे तेल शोधले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. समुद्राच्या तळावरून टाकलेल्या नळांतून तेल आणि वायू उरणला येतो. तेथे त्या वायूतून सिलिंडरचा गॅस वेगळा काढतात. अलिबागजवळचा थळचा खत कारखानाही याच वायूच्या भरवशावर उभा राहिला. देशाला लागणारे बहुतेक तेल परदेशातून विकत घ्यावे लागते. त्यामुळे घरचे तेल काढूच नका, असे म्हणणे व्यवहाराला धरून होणार नाही.

आता दुसरी बाजू पाहू. खाडीतल्या तिवरांच्या झाडीत कोळंबी आणि कितीतरी जातींच्या मासळीची पिल्ले वाढतात. तेथे भराव पडला, भरतीचे पाणी अडले की मासळी घटते. तेलाच्या फलाटांभोवती ५०० मीटरपर्यंत मासेमारी बोटींना मज्जाव असतो. नव्या तेलाच्या शोधासाठी पाहणीचे जहाज लांबलचक केबल ओढत फिरते, तेव्हा जाळी काढून घ्यावी लागतात. पालघरच्या मच्छिमारांनी याबद्दल वेळोवेळी तक्रार केली आहे.

अपघात झाला तर नुकसान आणखी वाढते. मे १९९३ मध्ये मुंबई हायहून उरणला येणारा नळ फुटून तेल समुद्रात पसरले. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन मालवाहू जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले. ते तेल विहिरीचे नव्हते, पण फटका तसाच बसला. गिऱ्हाइकाने धास्तीने मासळी घेणे सोडले आणि चांगल्या मालालाही उठाव राहिला नाही.

किनाऱ्यासाठी कायदा आहे. सीआरझेडचे नियम १९९१ साली आले, ते २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. समुद्रात तेल सांडल्यास ते आवरण्याचे काम तटरक्षक दलाकडे आहे. प्रश्न उरतो तो नुकसान कोणी सोसायचे याचा.

उरणच्या पारंपरिक मच्छिमारांनी हाच प्रश्न पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापुढे नेला. बंदराच्या वाढीमुळे आणि भरावामुळे मासेमारीची जागा गेली, तिवरे गेली, अशी त्यांची तक्रार होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना एकूण सुमारे ९५ कोटी रुपये, म्हणजे दर कुटुंबाला ५ लाख ८४ हजार रुपये, देण्याचा आदेश दिला. त्यातला मोठा वाटा जेएनपीटीवर होता, तर काही वाटा ओएनजीसी आणि सिडकोवर टाकला होता. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. तरीही कोळ्याच्या बुडालेल्या रोजीला पैशात किंमत आहे, हे त्या आदेशाने मान्य केले.

नॉर्वे हा देश तेलही काढतो आणि मासळीही निर्यात करतो. तेथील पेट्रोलियम कायद्यात मच्छिमारांच्या भरपाईचे स्वतंत्र प्रकरणच आहे. आपल्याकडेही पाहणीचे वेळापत्रक मच्छिमारांशी बोलून आधी ठरावे, नळांची तपासणी वेळच्या वेळी व्हावी आणि भरपाईसाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत. तेल आणि मासळी यांचा मेळ यातूनच बसेल.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मुस्लिम मच्छिमारांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या जाळ्यात मासळी नसेल, तर सुक्या मासळीच्या आपल्या व्यापाऱ्याच्या टोपलीतही ती येणार नाही. आमची सर्वांना एकच सूचना आहे. खरेदी-विक्री कच्च्या चिठ्ठीवर ठेवू नका. बिले जपा, वही रोज लिहा, बोटीचा परवाना चालू ठेवा. भरपाई मागायची वेळ आली, तर नुकसान आकड्यांत दाखवावे लागते. ज्याच्याकडे वही नाही, त्याचे नुकसान खरे असूनही कागदावर येत नाही.