विखुरलेल्या नोंदींचा मेळ

वाचनालयाच्या चिटणीसापुढें तीन वह्या असाव्यात: एकींत सभासदांचीं नांवें व क्रमांक, दुसरींत वर्गणीचा भरणा, तिसरींत नेलेलीं पुस्तकें. प्रत्येक वहींत नांव-पत्ता लिहीत बसण्याऐवजीं नुसता क्रमांक लिहिला कीं काम भागतें. पत्ता बदलला तर खाडाखोड एकाच ठिकाणीं. संगणकांतील माहितीची मांडणीही याच तत्त्वावर होते. आय.बी.एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं १९७० सालीं तिला गणिताचा पाया दिला, आणि १९७४ मध्यें त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉईस यांनीं अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा सिद्ध केली. तिलाच आज एसक्यूएल म्हणतात.

माहिती वाटून ठेवणें सोपें. ती पुन्हां एकत्र आणतांना मात्र डोळ्यांत तेल घालावें लागतें. क्रमांकावरून दोन कोष्टकें जुळविण्यास ‘जॉईन’ म्हणतात. साधा जॉईन दोन्हींकडे सांपडणारे क्रमांक तेवढेच दाखवितो. ज्यानें वर्षभरांत एकही पुस्तक नेलें नाहीं तो सभासद मुकाट्यानें गळतो. आणि चिटणीसास बहुधा नेमका तोच हवा असतो! अशा वेळीं ‘लेफ्ट जॉईन’ योजावा. त्यांत डावीकडील सर्व सभासद राहतात व पुस्तकाची जागा रिकामी दिसते.

‘युनियन’ निराळा. तो दोन याद्या एकीखालीं एक लावतो व हुबेहूब सारख्या ओळी एकदांच ठेवतो. दोन शाखांत एकाच नांवाचे दोन गृहस्थ असले, आणि मागितलीं नुसतीं नांवेंच, तर त्यांतील एक नाहींसा व्हावयाचा. दोघेही हवे असल्यास ‘युनियन ऑल’.

खरा घोटाळा बेरजेंत होतो. समजा, १२ क्रमांकाच्या सभासदानें ५० रुपयांचे दोन हप्ते भरले व तीन पुस्तकें नेलीं. तिन्ही कोष्टकें एकदम जोडलीं तर प्रत्येक हप्ता प्रत्येक पुस्तकाशीं जुळतो. बे त्रिक सहा ओळी, आणि वर्गणी १०० ऐवजीं ३०० रुपये! यंत्र तक्रार करीत नाहीं. विचारलें तें त्यानें सांगितलें. कित्येक जण मग ‘डिस्टिंक्ट’ घालून सारख्या रकमा एकदांच धरावयास लावतात. दोन्ही हप्ते सारखेच असल्यामुळें बेरीज ५० वर येते, म्हणजे आगींतून फुफाट्यांत.

यास उपाय असा. वर्गणीची बेरीज एका प्रश्नानें, पुस्तकांची मोजणी दुसऱ्यानें, अशी आधीं वेगवेगळी करावी. ‘ग्रुप बाय’नें प्रत्येक सभासदाची एकेकच ओळ उरते. मग हीं दोन उत्तरें सभासदांच्या कोष्टकास लेफ्ट जॉईननें जोडावींत. १२ पुढें १०० रुपये व ३ पुस्तकें येतात. ज्यानें कांहींच भरलें नाहीं त्याची जागा रिकामी राहते, आणि रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. तींत १० मिळविले तरी उत्तर रिकामेंच येतें. तेथें शून्य हवें असल्यास ‘कोअलेस’ हें पद घालून तें स्पष्ट मागावें लागतें.