लष्करी तळाचे नळ खासगी कंपनीकडे! नक्की काय विकलं जातं, आणि बुलढाण्याला त्याचं काय?

"नळ आले का?"

बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, कुठल्याही गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा, हा मेसेज सापडणारच. कोणीतरी लगेच उत्तर देतं, "आज नाही, लाइन फुटली." मग दुसरा लिहितो, "हे सगळं एखाद्या कंपनीला देऊन टाका, बघा कसं चोवीस तास पाणी येतं!" तिसरा चिडतो, "आणि बिल काय तू भरशील?"

मित्रांनो, हा वाद फक्त आपल्या ग्रुपवर चालत नाही. अमेरिकेच्या लष्कराने तर आपल्या तळांवरच्या पाणी आणि गटाराच्या सिस्टीम खरोखरच खासगी कंपन्यांना देऊन टाकल्या, त्याही मालकीसकट! हे कसं केलं, भारतात असं होतं का, आणि उद्या आपल्या नगरपरिषदेत असा प्रस्ताव आला तर काय बघायचं, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी बेसिक: पाण्याची "सिस्टीम" म्हणजे काय?

बुलढाणा शहराचं उदाहरण घ्या. पैनगंगेवर येळगाव धरण आहे. धरणातून पंपाने पाणी उचललं जातं. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी टाकून गाळ खाली बसवतात, पाणी गाळतात, क्लोरीन देतात. तिथून ते उंच टाकीत चढतं. टाकीतून मोठ्या पाइपलाइनने आणि मग वॉल्व्हमन ज्या भागाचा वॉल्व्ह उघडेल त्या भागात पोहोचतं.

हा झाला जाण्याचा रस्ता. परतीचा रस्ता आपण विसरतो. आंघोळीचं, भांड्यांचं, संडासचं पाणी कुठेतरी गेलंच पाहिजे. भुयारी गटार असेल तर ते उताराने वाहत खोलगट जागी जमतं, तिथून पंपाने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातं आणि साफ होऊन बाहेर पडतं. भुयारी गटार नसेल तर शोषखड्डा, सेप्टिक टँक नाहीतर उघडी नाली.

धरण ते नाली या साखळीत पैसा कुठे अडकतो? जमिनीखाली. पाइप दिसत नाहीत, म्हणून बदलायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. जुना पाइप गळतो, गळतीमुळे दाब कमी होतो, दाब कमी म्हणून पाणी आळीपाळीने सोडावं लागतं. आणि रिकाम्या, फुटक्या पाइपमध्ये बाजूच्या नालीचं पाणी शिरू शकतं. दिवसाआड येणारं पाणी पहिली काही मिनिटं गढूळ का येतं, त्याचं एक कारण हेच.

लष्कराने पाण्याची सिस्टीम का दिली?

लष्करी तळ म्हणजे छोटं शहरच. घरं, शाळा, दवाखाना, मेस, वर्कशॉप. अमेरिकेत अनेक तळांवरच्या लाइनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या होत्या. तळाच्या प्रमुखाकडे पैसे आले की ते आधी प्रशिक्षण आणि शस्त्रांवर जायचे, गटाराचा नंबर शेवटी. ओळखीचं वाटतंय ना?

म्हणून १९९७ मध्ये तिथे कायदा झाला. लष्कराला आपल्या वीज, पाणी, गॅस, सांडपाण्याच्या सिस्टीम नगरपालिकेला, सहकारी संस्थेला किंवा खासगी कंपनीला देण्याची मुभा मिळाली. पुढे ५० वर्षांपर्यंतचे करार होऊ लागले. ओक्लाहोमातलं फोर्ट सिल, मेरीलँडमधलं फोर्ट मीड, व्हर्जिनियातलं फोर्ट बेल्व्हॉर अशा तळांचं पाणी आणि सांडपाणी आज 'अमेरिकन वॉटर' या कंपनी-समूहाकडे आहे.

इथे नीट लक्ष द्या. कंपनीला मिळतं ते पाइप, पंप, टाक्या आणि शुद्धीकरण केंद्र. तळाची जमीन सरकारचीच राहते. कंपनीला फक्त त्या जमिनीतून लाइन टाकण्याचा आणि दुरुस्तीसाठी आत येण्याचा हक्क मिळतो. कंपनी स्वतःचा पैसा घालून जुने पाइप बदलते आणि लष्कर तिला दर महिन्याला सेवेचे पैसे देतं. सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक असलेली सिस्टीम न देण्याची सवलतही कायद्यात आहे.

ब्रिटनने थोडा वेगळा रस्ता धरला. तिथे 'अ‍ॅक्वाट्राइन' नावाचा प्रकल्प झाला. देशभरातल्या लष्करी जागांचे तीन गट पाडले आणि पाणी-सांडपाण्याची चालवणूक, दुरुस्ती आणि गुंतवणूक २५ वर्षांसाठी खासगी कंपन्यांकडे सोपवली.

मग पैसे वाचले का? अमेरिकन संसदेसाठी सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की लष्कराचा पाणी-विजेचा खर्च यामुळे वाढण्याचीच शक्यता आहे आणि बचतीचे हिशेब वास्तवाला धरून नाहीत. कारण साधं आहे. कंपनी जो पैसा गुंतवते तो व्याज आणि नफ्यासकट बिलातून वसूल करते. दुसरी बाजूही खरी आहे. जे पाइप सरकारने वर्षानुवर्षं बदलले नसते ते बदलले गेले. नवा फोन ईएमआयवर घेतल्यासारखं आहे हे: फोन आज हातात येतो, पण एकूण पैसे जास्त जातात.

भारतात काय चालतं?

तुमच्यापैकी कोणी सैन्य भरतीची तयारी करत असेल तर 'एमईएस' हे नाव पुढे ऐकालच. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस ही १९२३ पासूनची संस्था लष्करी भागातल्या इमारती, वीज आणि पाणी बघते. काही कामं ती कंत्राटदारांकडून करून घेते, पण पाइप आणि पंप सरकारचेच राहतात.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लष्करी छावणी नाही. महाराष्ट्रात अशा सात छावण्या: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि विदर्भातली कामठी. या छावण्यांच्या नागरी भागाचा कारभार छावणी परिषदेकडे असतो. आता केंद्र सरकारला हे नागरी भाग वेगळे काढून शेजारच्या पालिकांना जोडायचे आहेत. देशात याची सुरुवात एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या योल छावणीपासून झाली. २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ठरवलेल्या नियमांनुसार नागरी सुविधांसाठीच्या मालमत्ता राज्य सरकारला किंवा पालिकेला मोफत द्यायच्या आहेत, आणि छावणी परिषदेची देणीही सोबत जाणार आहेत.

फरक लक्षात आला? अमेरिकेत लष्कराकडून कंपनीकडे. आपल्याकडे छावणीकडून पालिकेकडे, म्हणजे एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात.

मुद्द्याची गोष्ट: तीन चाव्या

"खासगीकरण" हा शब्द ऐकला की आपण लगेच बाजू घेतो. त्याआधी तीन चाव्या कोणाकडे आहेत ते बघा.

पहिली चावी, मालकी: पाइप, टाकी, केंद्र कोणाच्या नावावर आहे?

दुसरी चावी, चालवणं: रोज पंप कोण सुरू करतं, गळती कोण काढतं, बिल कोण वाटतं?

तिसरी चावी, दर: हजार लिटरचे पैसे किती, हे कोण ठरवतं?

अमेरिकन तळांवर पहिल्या दोन चाव्या कंपनीकडे गेल्या. तिसरी करारात बांधलेली आहे: ठरावीक काळाने दर पुन्हा ठरतात आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेचं लष्कर. त्याच्याकडे वकील आहेत, इंजिनिअर आहेत, हिशेबनीस आहेत. आपल्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाकडे काय आहे? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

महाराष्ट्रातले तीन अनुभव

नागपूर: २०१२ पासून शहराचं पाणी 'ऑरेंज सिटी वॉटर' ही कंपनी चालवते. करार २५ वर्षांचा. फ्रान्सची व्हिओलिया आणि नागपूरची विश्वराज यांनी मिळून ही कंपनी काढली. पेंच आणि कन्हानच्या पाण्यावर चालणारी ही सिस्टीम आजही महापालिकेच्याच मालकीची आहे आणि दरही महापालिकाच ठरवते. म्हणजे तीनपैकी एकच चावी, चालवण्याची, कंपनीकडे गेली. मीटर बदलले, जुन्या जोडण्या बदलल्या, कॉल सेंटर आलं. पण पूर्ण शहराला ५ वर्षांत २४ तास पाणी देण्याचं उद्दिष्ट वेळेत पूर्ण झालं नाही, आणि बिलांवरून वादही झाले. सांडपाण्याच्या बाजूने मात्र नागपूरने एक भारी गोष्ट केली: भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. तेवढं धरणाचं पाणी वाचतं.

लातूर: २००८ मध्ये शहराचं पाणी १० वर्षांच्या करारावर खासगी कंपनीला चालवायला दिलं. मीटर आणि नव्या जोडणीच्या खर्चावरून लोक रस्त्यावर उतरले आणि करार मुदतीआधीच गुंडाळला गेला. पुढे २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा कंपनी चित्रात नव्हती. धडा काय? धरणच कोरडं असेल तर पालिका असो की कंपनी, नळ कोरडाच.

मलकापूर: आपलं नाही हं, सातारा जिल्ह्यातलं, कराडच्या शेजारचं! या छोट्या गावाने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने २४ तास पाण्याची योजना केली. घरोघरी मीटर, तेही रेडिओ सिग्नलने दुरून रीडिंग घेता येईल असे. मालकी आणि दर दोन्ही गावाच्याच संस्थेकडे. म्हणजे मीटर, सेन्सर, गळती शोधणं हे तंत्रज्ञान वापरायला सिस्टीम विकावीच लागते असं नाही.

नळाचं सिम पोर्ट होत नाही

तुमच्या फोनला रेंज नसेल तर तुम्ही काय करता? नंबर पोर्ट करता. कंपनीला ही भीती असते, म्हणून ती ऑफर देते, टॉवर वाढवते.

नळाचं तसं नाही. घरात एकच पाइप येतो. शेजारून दुसऱ्या कंपनीची लाइन टाकणं परवडत नाही. म्हणजे मालक कोणीही असो, त्या गल्लीत त्याचंच राज्य. मोबाइलमध्ये ग्राहकाचं हत्यार पोर्टिंग आहे. पाण्यात हत्यार एकच, तो म्हणजे करार. सही होण्याआधी जे लिहून घेतलं तेवढंच आपलं.

आणि तो करार किती काळ चालेल ते बघा. तुम्ही आज २० वर्षांचे असाल तर २५ वर्षांचा करार संपताना ४५ चे असाल. ५० वर्षांचा असेल तर ७० चे. सही करणारे नगरसेवक पाच वर्षांत बदलतील, बिल मात्र तुम्ही भरत राहाल.

आपल्या गावात प्रस्ताव आला तर हे विचारा

१. तीनपैकी कोणती चावी जाते आहे? नुसतं "पीपीपी" म्हटलं तर पुढचं वाक्य मागा.

२. आज किती पाणी सोडलं जातं आणि किती पाण्याचं बिल होतं? समजा १०० लिटर सोडले आणि बिल ६० चं झालं, तर ४० लिटर गळती, चोरी किंवा बिनमीटर जोडण्यांत गेले. हा आकडा आधी मोजलेला नसेल तर नंतर "आम्ही सुधारणा केली" हे तपासणार कसं?

३. दर कोण वाढवणार, आणि कोणत्या सूत्राने? आपल्या राज्यात २००५ च्या कायद्याने नेमलेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण धरणातून उचललेल्या पाण्याचे ठोक दर ठरवतं. घरच्या नळाचा दर मात्र स्थानिक संस्थेच्या हातात असतो.

४. गरीब वस्तीचं काय? मीटर आणि जोडणीचा खर्च कोण करणार?

५. सांडपाणी करारात आहे का? पाणी वाढलं की नालीही वाढते. नुसतं पाणी दिलं आणि गटार पालिकेच्या गळ्यात ठेवलं तर डास आपल्याच घरी.

६. कंपनी मध्येच सोडून गेली तर? पाइप, नकाशे, मीटरचा डेटा परत कोणाला आणि कोणत्या अवस्थेत मिळणार?

ही माहिती मिळवायची कशी? माहिती अधिकार कायदा, २००५. अर्ज कंपनीकडे नाही, नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा आणि कराराची प्रत मागा. फी १० रुपये. एका छोट्या रिचार्जपेक्षाही कमी!

आपल्या जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीचं पाणी पिण्यासारखं नसतं आणि लांबून येणारी पाइपलाइन हाच आधार असतो. अशा ठिकाणी "पाइप कोणाचा" हा प्रश्न थेट तब्येतीचा होतो.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी लिहिलं, "कंपनीला देऊन टाका", किंवा "अजिबात देऊ नका", तर भांडू नका. एवढंच विचारा: "कोणती चावी?"