कुठूनही निघा, ६१७४ ला पोहोचाल!

मित्रांनो, कागद-पेन्सिल घेऊनच बसा. आजची गंमत नुसती वाचायची नाही, करून बघायची आहे.

आमच्या पन्हाळ्याच्या पोरांना एक साल पाठच असतं. १६६०! सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज याच साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले. आपणही इथूनच निघू. या सालातले अंक आधी उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल त्याचंही पुन्हा तसंच करा.

६६१० − ०१६६ = ६४४४
६४४४ − ४४४६ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता पुढे जाऊन बघा. ७६४१ − १४६७ = ६१७४. पुन्हा तेच! गाडी इथून हलतच नाही.

चार अंकांची कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. २०१५ साली जन्मलेल्यांना मात्र पुरत्या सात कराव्या लागतील! अटी दोनच. चारही अंक सारखे नकोत, आणि उत्तर ९९९ आलं तर ते ०९९९ असं लिहायचं. शून्य गाळलं की वाट चुकली.

ही वाट शोधली आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचं नाव. जन्म १९०५ चा, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत ते शिकवत. १९४९ साली त्यांना ६१७४ सापडली. त्यांच्याकडे गणिताची मोठी पदवी नव्हती, म्हणून कित्येक विद्वानांनी हे सगळं पोरखेळात काढलं. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं. आज ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

पण असं होतं तरी का? मोठ्या वर्गातल्यांनी आणि पालकांनी हे पडताळून बघावं. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०, हेच पहिल्या वजाबाकीचं उत्तर असतं. १६६० साठी ६ × ९९९ + ५ × ९० = ६४४४. अशी वेगवेगळी उत्तरं फक्त ५४ निघतात. ती ५४ तपासली की हजारो संख्या तपासून झाल्या!

६१७४ चे आणखी गुण बघा. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आनंद देणाऱ्या. शिवाय १८ + (१८ × १८) + (१८ × १८ × १८) = ६१७४.

हातच्याच्या वजाबाकीला घाबरणाऱ्यांनी तर हा खेळ जरूर खेळावा. इथलं प्रत्येक उत्तर ९ च्या पाढ्यातलं असतं. अंकांच्या बेरजेला ९ ने भाग गेला नाही, तर चूक तिथेच पकडा. बाईंना किंवा सरांना विचारायलाच नको. अशी आपली चूक आपणच काढता आली की भीती पळते.

जाता जाता एक कोडं. तीन अंकी संख्यांचंही असंच एक मुक्कामाचं ठिकाण आहे. पन्हाळ्याच्या पिनकोडचे पहिले तीन अंक ४१६. तिथून ते ठिकाण एकाच वजाबाकीवर! कोणतं बरं?