झालेल्या कामाचा मोबदला आणि कारागिराचे हक्क

लघुउद्योजकाची खरी अडचण अनेकदा काम मिळविण्यात नसते. झालेल्या कामाचे पैसे वसूल करण्यात असते. समजा, एका कारागिराने एका कारखान्याच्या २० विजेच्या मोटारींचे रिवाइंडिंग करून दिले. दर मोटारीस ३,००० रुपयांप्रमाणे बिल ६०,००० रुपयांचे झाले. दोन मोटारी तापतात, एवढ्या कारणावरून कारखान्याने संपूर्ण रक्कम रोखून धरली. अशा वेळी कायदा काय सांगतो?

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ अन्वये करारभंगामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. मात्र ही भरपाई प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच असते. दर नगावर ठरलेला असल्याने दोन मोटारींच्या दोषासाठी उरलेल्या १८ मोटारींचे ५४,००० रुपये अडविणे सामान्यतः समर्थनीय ठरत नाही.

मोटारी अद्याप कारागिराच्याच ताब्यात असतील, तर कलम १७० त्याच्या मदतीस येते. ज्या वस्तूवर श्रम व कौशल्य खर्च केले, ती वस्तू मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा त्यास अधिकार आहे. परंतु उधारीची मुदत कबूल केली असल्यास हा अधिकार राहत नाही. कायद्यातच शिंप्याचे उदाहरण आहे : तीन महिन्यांची उधारी मान्य करणाऱ्या शिंप्यास कोट अडवून ठेवता येत नाही.

सूक्ष्म व लघुउद्योगांना २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाचे विशेष संरक्षण आहे. ग्राहकाने आपली हरकत १५ दिवसांच्या आत लेखी कळविली पाहिजे. तोंडी तक्रार पुरेशी नाही. तशी हरकत नसल्यास काम स्वीकारले असे मानले जाते. पैसे देण्याची मुदत करारात कितीही लिहिली, तरी ती स्वीकृतीपासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. वाद सुलभीकरण परिषदेकडे नेता येतो. तेथे प्रथम समेटाचा प्रयत्न आणि तो निष्फळ झाल्यास लवाद, असा क्रम आहे. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या ग्राहकास निवाड्यातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. बांधकामासारख्या एकत्रित कंत्राटांना हा अधिनियम लागू होतो किंवा कसे, याविषयी मात्र न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. तेथे वकिलाचा सल्ला घ्यावा.

दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. ‘आज देतो, उद्या देतो’ या तोंडी आश्वासनांनी ती वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी सहीनिशी दिलेल्या लेखी कबुलीने मात्र ती नव्याने सुरू होते.

म्हणून दर, मुदत व कामाचा तपशील आधी लिहून घ्यावा, माल पोचल्याची सही घ्यावी, उद्योगाची नोंदणी काम स्वीकारण्यापूर्वीच करावी आणि दोष दाखविला गेल्यास तो दुरुस्त करून देण्याची तयारी लेखी कळवावी. हक्क कायद्याने दिलेला असला, तरी तो सिद्ध होतो तो कागदाच्या आधारेच.